बोअर गेलाय, पण कसा? टेपर आणि ओव्हल

जुन्या बुलेटचं हेड उतरवलं, वरच्या काठाखाली नखाला कंगोरा लागला, की गॅरेजमध्ये निकाल लागतो: "बोअर गेलाय." बोअर म्हणजे सिलिंडरची आतली गोल पोकळी, जिच्यात पिस्टन वर-खाली होतो. गेलाय हे खरंच असतं. पण बोअर दोन तऱ्हांनी जातो, आणि नव्या रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या कड्यांवर) भागेल की लेथवाल्याकडे जावं लागेल हे त्यावर ठरतं.

आधी हातातला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, कुठला ते पाहू. कास्ट आयर्न 350 चा बोअर 70 मिमी, 500 चा 84. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, दोन्हींचा 90. एवढं ओळखायला व्हर्नियर पुरे. जुन्या बाजारातून आणलेला ब्लॉक स्टँडर्ड आहे की आधी बोअरिंग झालेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला, हे बघायचं तर अगदी तळाशी मोजा. तिथे रिंगा पोचत नाहीत, म्हणून शेवटच्या बोअरिंगचं माप तसंच्या तसं सापडतं. 70 च्या जागी 70.51 आलं तर ब्लॉक एकदा 20 थावने मोठा झालेला आहे. (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिमी.)

आता झीज. बोअर वर रुंद आणि खाली अरुंद झाला तर तो टेपर. वरून पाहताना गोल न राहता अंडाकृती झाला तर ओव्हल. टेपर उंचीचा हिशेब, ओव्हल दिशेचा. म्हणून एका मापाने दोन्ही कळत नाहीत. वर, मध्ये, खाली अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर पुढे-मागे व डावीकडे-उजवीकडे, अशी सहा मापं घ्यायची.

समजा, वर पुढे-मागे 70.14 आणि आडवं 70.08 आलं, खाली 70.03 आणि 70.02. एकाच दिशेतली वरची-खालची वजाबाकी, 70.14 वजा 70.03, म्हणजे 0.11 हा टेपर. एकाच पातळीवरच्या दोन दिशांची वजाबाकी, 70.14 वजा 70.08, म्हणजे 0.06 हा ओव्हल. इथे सर्रास चूक होते: वरचं पुढे-मागचं आणि खालचं आडवं माप घेऊन वजाबाकी केली जाते. ते 0.12 ना टेपर असतं, ना ओव्हल.

टेपर होतो तो वरच्या रिंगमुळे. पिस्टन वर पोचून क्षणभर थांबतो, तेलाचा थर फाटतो, जळत्या वायूचा दाब रिंगला भिंतीवर रेटतो. त्यात एअर फिल्टरमधून धूळ येत असेल तर बघायलाच नको. ओव्हलचं कारण कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचा, तिरपेपणा. बुलेटचा क्रँक चाकांच्याच दिशेने फिरतो, म्हणून पॉवर स्ट्रोकला पिस्टन मागच्या भिंतीवर रेलतो आणि झीज पुढे-मागे जास्त होते. लांबट बाजू उलट डावी-उजवीकडे निघाली, तर ब्लॉक बाजूला ठेवून आधी रॉड वाकलाय का ते तपासा. नाहीतर नवा बोअरही तसाच जाईल.

माझ्या मते दोन्हींत ओव्हल जास्त नडतो. 0.11 च्या टेपरमध्ये रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) दर फेरीला सुमारे 0.35 मिमी उघडतो-मिटतो. रिंग दमते, पण भिंतीला धरून राहते. म्हणूनच नव्या रिंगचा गॅप तळाशी, अरुंद जागी तपासायचा. ओव्हलमध्ये गोल रिंग दोन बाजूंना टेकते आणि दोन बाजूंना फट सोडते. तिथून वायू खाली जातो, तेल वर येतं. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय कंगोरा तसाच राहिला तर नव्या रिंगची कोरी धार त्याला आपटते.

झीज मोजायला मात्र व्हर्नियर चालत नाही. त्याचे जबडे खोलवर जात नाहीत, आणि इथे खेळ शतांशांचा आहे. मायक्रोमीटरवर शून्य लावलेला बोअर गेज हवा. आत घालून तो हळू पुढे-मागे डोलवायचा. सुई उलटी फिरते तिथलं सगळ्यात लहान माप खरं. उन्हात ठेवलेला ब्लॉक लगेच मोजू नका. 20 अंशांच्या फरकाने 70 मिमीचा बोअर जवळपास 0.015 मिमी फुगतो.

आणखी एक गोंधळ पिस्टनचा. नवा पिस्टन मोजला आणि तो ओव्हल निघाला म्हणून दुकानात परत नेणारे लोक असतात. पिस्टन मुद्दामच तसा घडवतात: वर निमुळता, गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दिशेने किंचित आखूड, म्हणजे गरम झाल्यावर नीट बसतो. त्याचं माप स्कर्टच्या (रिंगांखालच्या भागाच्या) खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात घ्यायचं.

बोअरिंगला देताना लेथवाल्याला एवढं सांगा, सेंटर तळाच्या न झिजलेल्या भागावरून धर. वरच्या ओव्हलवरून धरला तर बोअर गोल होईल, पण त्याचा मध्य मागे सरकलेला असेल.