मातीतील ओलावा तपासणी: अर्ज कसा करायचा, आणि नमुने परत का येतात

नमुना नाकारला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मृद आरोग्य पत्रिकेचा नमुना आणि ओलाव्याचा नमुना एकच समजणं. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असे १२ घटक असतात. ओलावा त्यात नाही. शिवाय पत्रिकेसाठी माती सावलीत वाळवून द्यायची असते. ओलाव्यासाठी वाळवलेली माती नेली तर मोजायला काही उरतच नाही. सूचनापत्रकावर 'सावलीत वाळवा' एवढंच छापलेलं असतं, मग माणूस तेच करणार! दुसरी एक ओळ छापायला काय जातं? म्हणून अर्जात 'ओलावा, टक्के, ओव्हन पद्धत' असं स्पष्ट लिहा. प्रत्येक प्रयोगशाळेत ही तपासणी होत नाही, तेव्हा शुल्कासकट आधी फोनवर विचारून घ्या.

कागदपत्रं थोडी आहेत: अर्ज, आधारची प्रत, मोबाइल नंबर, सातबारा. सातबारा मुख्यतः गट नंबरासाठी लागतो. बटाईने करत असाल तर मालकाचा सातबारा जोडा. बांधकामाची माती असेल तर सातबाऱ्याऐवजी कामाचं नाव असलेलं, सही-शिक्क्याचं पत्र लागतं.

अडतं ते नमुना चिठ्ठीवर. ती बहुतेकांकडे नसतेच. गाव, गट नंबर, पीक, खोली, नमुना काढल्याची तारीख आणि वेळ, शेवटचं पाणी कधी दिलं, एवढं पेन्सिलने लिहा; शाईचा पेन ओलीने फुटतो. चिठ्ठी मातीत टाकू नका. एकात एक दोन प्लास्टिक पिशव्या घ्या आणि चिठ्ठी त्या दोघींच्या मध्ये ठेवा. कापडी पिशवी अजिबात नको.

रावेर-यावलच्या केळीत ठिबक असतं. तिथे नळीच्या अगदी खालची माती घेतली तर आकडा फुगतो, दोन ओळींच्या मधली घेतली तर पडतो. ड्रिपर आणि खोड यांच्या मधली जागा धरा. ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंमी अशा थरांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकी पाव किलो भरा. हवा काढून तोंड घट्ट बांधा. पिशवीला आतून सुटलेलं पाणी पुसू नका, ते मातीचंच आहे. मे महिन्याच्या उन्हात पिशवी गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करत बसू नका.

'२४ तास' या शब्दांनी तर फार घोळ होतो. ती नमुना पोचवायची मुदत नाही. माती १०५ ते ११० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये साधारण तेवढा वेळ ठेवतात. नमुना काढला त्याच दिवशी द्यायचा. सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद, म्हणून शुक्रवारी दुपारी नेलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहू शकतो. सोमवार ते बुधवारच बरे.

अहवालाचा आकडा कोरड्या मातीच्या वजनावर काढलेला असतो. समजा रिकामी डबी ३०.२० ग्रॅम, ओल्या मातीसह ९५.२०, वाळल्यावर ८२.२०. पाणी १३ ग्रॅम, कोरडी माती ५२, म्हणजे ओलावा २५ टक्के. तेच पाणी ओल्या वजनावर, म्हणजे ६५ ग्रॅमवर धरलं तर २० टक्के येतं, आणि सल्लागाराने तो आकडा घेतला की पाण्याची पाळी चुकते. अहवालावर 'कोरड्या वजनावर' असं नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या.