ओढ्यावरची उन्हाळी गळमासेमारी

पाणी आटून ओढा डोहाडोहांत तुटू लागतो तेव्हा काठावरून किंवा घोटाभर पाण्यात उभे राहून हलक्या काठीने, एका गळावर मासे धरण्याचा छंद. येथे ओढा म्हणजे चार-सहा ढांगांत ओलांडता येणारा गोड्या पाण्याचा प्रवाह. भरती-ओहोटीची खाडी यात धरत नाहीत. हाती लागणारा मासा बहुधा वीतभराच्या आतला असतो, त्यामुळे पोटापाण्याच्या मासेमारीशी याचा संबंध थोडाच. मोठ्या नदीत मासा कुठे आहे याचा नुसता अंदाज करावा लागतो. उन्हाळ्यातल्या ओढ्यात तो डोळ्यांना दिसतो, आणि त्यालाही माणूस तितकाच स्पष्ट दिसतो. सगळी गंमत या बरोबरीत आहे.

पाणी वाचणे

पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना सुमारे ७.५. माशाचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच तापत असल्याने उष्णतेत त्याची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणून दुपारी मासे दोन प्रकारच्या जागा धरतात. एक, दगडांवरून खळाळत येणारी धार डोहात पडते ते तोंड, कारण तिथे पाण्यात हवा मिसळते आणि वाहून आलेले किडेही आयते मिळतात. दुसरी, सावली : काठाखालची कपार, पाण्यावर झुकलेली फांदी, उघडी पडलेली मुळे. तळातून झरा लागत असेल तर तिथे हात घातल्याबरोबर गारवा कळतो. अशी जागा सापडली की ती लक्षात ठेवावी. पुढच्या उन्हाळ्यातही मासे बहुधा तिथेच असतात.

वाहत्या ओढ्याला पहाटेची वेळ उत्तम, कारण रात्रभरात पाणी निवलेले असते. शेवाळाने भरलेल्या साचल्या डोहाची गोष्ट मात्र उलटी. वनस्पती रात्री प्राणवायू घेतात आणि बनवत नाहीत, त्यामुळे अशा डोहात पहाटेच प्राणवायू सर्वांत कमी असतो. तिथे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून हापापताना दिसले तर ते भुकेचे लक्षण नव्हे. मासे गुदमरत आहेत. तिथे गळ टाकू नये.

सामान

काठी दीड ते दोन मीटरची पुरते. झाडी दाट असेल तर याहून लांब काठी फांद्यांत अडकते. रीळ नसलेली साधी बांबूची काठी असेल तर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठीपेक्षा वीतभर आखूड ठेवावा, म्हणजे काठी उभी केली की गळ आपोआप हातात येतो. तंगूस ०.१२ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. जाड तंगूस नितळ पाण्यात दिसतो आणि आमिषाला मोकळेपणी वाहू देत नाही. गळाच्या क्रमांकात संख्या वाढते तसा गळ लहान होत जातो. बोटभर माशांना १४ ते १६, जरा मोठ्या तोंडाच्या माशांना ८ ते १० क्रमांक चालतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला तर मासा सोडवणे सोपे जाते. बोटात घुसलेला गळ काढतानाही त्याचे महत्त्व पटते.

गळ बोथट आहे का ते अंगठ्याच्या नखावर पाहावे : टोक नखाला धरले तर ठीक, घसरले तर घासावा किंवा बदलावा. दगडाला एकदा घासलेला गळ बहुतेक वेळा बोथट झालेला असतो आणि मासे 'सुटतात' त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

गाठीसाठी तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत. मग टोक डोळ्यालगतच्या फटीतून काढून ओढावे. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायला विसरू नये. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. टोक दोन मिलिमीटर राखून कापावे. अगदी मुळाशी कापलेली गाठ सरकते.

मासा लागल्याचे दाखवणारे, तंगुसावरचे तरंगते बूच करंगळीच्या पेराएवढे पुरे. त्याखाली भार इतका लावावा की बुचाचा फक्त सेंटिमीटरभर शेंडा पाण्यावर राहील. बूच जास्त तरंगते असेल तर मासा आमिष ओढताना त्याला विरोध जाणवतो आणि तो ते सोडून देतो. हा भार पूर्वी सरसकट शिशाचा असे. गिळलेल्या शिशाच्या गोळ्यांनी हंस मरत असल्याचे दिसल्यावर इंग्लंड व वेल्समध्ये १९८७ पासून बहुतेक लहान शिशाच्या भारांवर बंदी आली. कथील किंवा टंगस्टनचे भार हा त्याला पर्याय.

आमिष

गांडूळ सर्वत्र चालते. ते गळात दोन-तीन ठिकाणी ओवून शेपटाकडचा सेंटिमीटरभर भाग वळवळता ठेवावा. याहून लांब शेपूट सोडले की मासे तेवढेच कुरतडून नेतात आणि बूच नुसते थरथरत राहते. गांडुळे ओलसर पालापाचोळ्यात, भोके पाडलेल्या डब्यात, सावलीत ठेवावीत; उन्हात तासाभरात त्यांचा लगदा होतो. उन्हाळ्याचे खास आमिष म्हणजे नाकतोडा. पहाटे गारव्याने तो सुस्त असतो तेव्हाच गोळा करावा, ऊन चढल्यावर हाती लागत नाही. गळ त्याच्या मानेमागच्या कडक कवचाखालून काढावा आणि बूच किंवा भार न लावता त्याला काठच्या गवताखालून वाहू द्यावे. मासा वर येऊन तो गट्ट करतो तो आवाज ऐकण्यासाठीच काही जण ओढ्यावर जातात. भिजवलेल्या पिठाची वाटाण्याएवढी गोळीही चालते, मात्र धारेत ती लवकर विरघळते.

ओढ्यातले दगड उलटून पाहिले तर खड्यांची नळी करून राहणाऱ्या अळ्या मिळतात. मासे रोज तेच खात असल्याने हे आमिष अचूक ठरते. दगड पुन्हा होता तसा ठेवावा.

जवळ जाणे

मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, म्हणून खालच्या अंगाने वर चढत जावे. असे चालताना गढूळ झालेले पाणीही मागे वाहून जाते. माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते. तो ३० सेंटिमीटर खोल असेल तर ही 'खिडकी' पृष्ठभागावर सुमारे ६८ सेंटिमीटर रुंद असते. क्षितिजालगतच्या वस्तू तिच्या कडेला चेपून, पुसट दिसतात. म्हणून वाकून किंवा गुडघ्यावर गेलेल्या माणसाला ताठ उभ्या माणसापेक्षा बरेच जवळ जाता येते. आवाजाचे मात्र वेगळे आहे. बोलण्याचा फारसा त्रास होत नाही. काठावर पाय आपटला किंवा दगड हलला की त्याचा हादरा माशाच्या कुशीवरच्या संवेदी रेषेला लगेच कळतो.

माणसाच्या डोळ्यालाही पाणी फसवते. वरून पाहताना ६० सेंटिमीटर खोल तळ ४५ सेंटिमीटरवर वाटतो आणि तिरके पाहिले तर आणखी उथळ. मासा दिसतो त्याच्या खाली आणि किंचित अलीकडे असतो. बुचाखालचा तंगूस याच हिशेबाने राखावा, आमिष तळाच्या पाच-दहा सेंटिमीटर वर लोंबले पाहिजे.

आमिष माशाच्या डोक्यावर टाकू नये. त्याच्यापासून मीटरभर प्रवाहाच्या वरच्या अंगाला, धारेत टाकावे आणि पाण्याने त्याच्यापर्यंत न्यावे. तंगूस ताणला गेला की आमिष आडवे सरकते आणि वाहून आलेला किडा तसा सरकत नाही, हे माशाला ठाऊक असते. बूच तिरके सरकत बुडले की मनगटाचा हलका हिसका द्यावा. नवशिका खांद्यापासून ओढतो आणि बोटभर मासा डोक्यावरच्या फांदीत जाऊन अडकतो. एक मासा निघाला की डोहाला दहा-पंधरा मिनिटे विश्रांती द्यावी.

मासा सोडणे आणि थांबणे

हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ शक्यतो पाण्यातच काढावा. खोल गिळला असेल तर उपसत बसण्यापेक्षा तंगूस तोंडापाशी कापलेला बरा. ट्राउटसारख्या थंड पाण्याच्या माशांसाठी पाणी २० अंशांवर गेले की थांबण्याचा संकेत जाणकार पाळतात, कारण सोडलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरण्याचा धोका वाढतो. तापमापक सावलीत, हातभर खोल, मिनिटभर धरावा.

तुटलेल्या डोहातले मासे हे पाणी परतल्यावर अख्खा ओढा पुन्हा भरणारे बियाणे असते. अशा डोहातून एखाददुसऱ्याहून अधिक मासे नेणे म्हणजे पुढच्या वर्षाचा छंद आजच संपवणे. परवाना, किमान लांबी आणि विणीच्या काळातली बंदी यांचे नियम प्रत्येक पाण्याला वेगळे असतात, ते आधी पाहावेत. उरलेले जिवंत आमिष ओढ्यात सोडू नये. बूटही धुऊन वाळवावेत : २००४ मध्ये न्यूझीलंडच्या नद्यांत 'डिडिमो' हे परके शेवाळ आढळले आणि २००८ मध्ये तिथे मासेमारीच्या नमदा-तळाच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाच्या तळाच्या) बुटांवर बंदी आली, कारण नमदा ओल धरून ठेवतो आणि त्यातून शेवाळ दुसऱ्या पाण्यात जाते.

पावसाने किंचित गढुळलेले पाणी गळाला चांगले, कारण काठची गांडुळे वाहून येतात आणि माशाला माणूस दिसत नाही. पण डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही ओढ्याच्या वरच्या अंगाला कुठे पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक मातकट झाले, काटक्या-पाने वाहू लागली किंवा प्रवाहाच्या वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, तर सामान आवरत न बसता उंच काठ गाठावा.