फील्ड पोस्ट ऑफिस

फील्ड पोस्ट ऑफिस म्हणजे मोहिमेवर गेलेल्या फौजेबरोबर फिरणारे टपालघर. फौजेत त्याला पूर्ण नावाने कोणी ओळखत नाही, एफपीओ म्हणतात. एकदोन तंबू किंवा एखाद्या ट्रकचा मागचा भाग, लाकडी खणांची मांडणी, तराजू, लाख, सुतळी, तारखेचा शिक्का आणि जाड कापडाच्या थैल्या, एवढ्या सामानावर ते उभे राहते. तिकिटे विकणे, पत्रे आणि पार्सले घेणे, मनीऑर्डर, बचत खाते ही गावच्या पोस्टातली कामे इथेही होतात. गावच्या पोस्टाचे गिऱ्हाईक मात्र जागचे हलत नाही. इथे पोस्टही हलते, गिऱ्हाईकही हलते, आणि कोण कुठे आहे हे पत्रावर लिहायला बंदी असते. प्रत्येकाचा ठावठिकाणा माहीत असावा, पण तो कागदावर कुठेही उमटू नये, हीच या छोट्या तुकडीची खरी विद्या.

भारतात ही विद्या नागपूरजवळ शिकवली जाते. कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ साली वसवलेल्या कामठीच्या छावणीत आर्मी पोस्टल सर्व्हिसचे केंद्र आहे. कामठी म्हटले की नागपूरकरांना गार्ड्स रेजिमेंट आठवते; टपालवाल्यांचे केंद्र तिथेच आहे, हे छावणीच्या रस्त्याने वर्षानुवर्षे येजा करणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

पूर्वपीठिका

हिंदी फौजेबरोबर परदेशी गेलेले पहिले फील्ड पोस्ट ऑफिस १८५६ सालचे. इराणच्या आखातातल्या बुशहरवर मोहीम निघाली, तिच्यासोबत ते गेले. पुढे ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया), चीन, जिथे जिथे हिंदी पलटणी धाडल्या गेल्या तिथे टपालही गेले. १९०० च्या चीन मोहिमेसाठी हिंदी तिकिटांवर ‘सी.ई.एफ.’ (चायना एक्स्पिडिशनरी फोर्स) आणि १९१४ च्या महायुद्धासाठी ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी अक्षरे छापली गेली. पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजांना अक्षरे दिलेली होती : ‘ए’ फ्रान्सला, ‘डी’ मेसोपोटेमियाला (आजचा इराक), ‘जी’ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला. आघाडीवरच्या माणसाच्या पत्त्यात या अक्षराला गावाच्या नावापेक्षा जास्त किंमत होती.

स्वातंत्र्यानंतर हे काम आर्मी सर्व्हिस कोअर या फौजेच्या रसद दलाच्या एका शाखेकडे राहिले. १ मार्च १९७२ रोजी आर्मी पोस्टल सर्व्हिसला स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृतचे कवीही. त्यांनी देशाचे नऊ विभाग पाडले. त्यांतले आठ भूगोलाचे, नववा फौजेचा. म्हणून ९ ने सुरू होणारा पिन नकाशावर शोधून सापडत नाही.

एक दिवस

एफपीओचा दिवस उजाडतो तो थैली आल्यावर, मग ती पहाटे चारला येवो की दुपारी. थैली मागच्या बेस पोस्ट ऑफिसातून निघालेली असते आणि जहाज, रेल्वे, लॉरी, कधी खेचर अशा वाटेने आलेली असते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाचे टपाल मुंबईहून जहाजाने बसऱ्याला जाई आणि तिथून नदीच्या आगबोटींनी तैग्रिसमधून वर सरके. नदीला पाणी कमी झाले की आगबोट रेतीत रुते, आणि आगबोट रुतली की पत्रेही रुतली.

थैली आली की आधी लाखेची मोहोर पाहायची. ती अभंग असेल तर लेबल यादीशी ताडायचे आणि मगच सुतळी कापायची. पत्रे टेबलावर ओतून सगळ्यांची तोंडे एका बाजूला करायची, मग छाटणी. प्रत्येक पलटणीला, इस्पितळाला, मुख्यालयाला एक खण. रजिस्टर पत्रे आणि विमा पार्सले वेगळी, त्यांची नोंद हाताने वहीत. तासाभरात प्रत्येक पलटणीचा डाक ऑर्डरली येतो, सही करतो आणि आपल्या पलटणीची जुडी खांद्यावर टाकून निघतो.

छाटणी नावावर होत नाही. आधी पलटण, मग फौजी नंबर. कारण उघड आहे. एका मराठा पलटणीत शिंदे, जाधव आणि पवार किती असतील याचा हिशेब मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांतले तिघे पांडुरंग निघाले तरी आश्चर्य नाही. घरच्यांनी नंबर विसरून नुसते ‘चि. पांडुरंग यास अनेक आशीर्वाद’ लिहून पाठवले की छाटणीवाल्याच्या कपाळाला आठी पडते. मग अक्षर, गावाचा शिक्का, पाठवणाऱ्याचे नाव यांवरून माग काढायचा. ज्याला हे जमते तो तुकडीतला वजनदार माणूस होतो, हुद्दा काहीही असो.

दुपारनंतर उलटा प्रवाह. घरी जाणारी पत्रे शिक्का मारून बांधायची, थैलीत भरायची, तोंड आवळून लाख लावायची. वाळवंटात लाख पटकन वाळत नाही; ब्रह्मदेशच्या पावसात कोऱ्या पाकिटांचा डिंक आपोआप चिकटून बसतो. ही रडगाणी नागपूरच्या मे महिन्यात आणि जुलैत काम केलेल्या कुठल्याही पोस्टमनला नवी वाटणार नाहीत. परदेशातला फरक एवढाच की तिथे नवी लाख मागवायला इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, समुद्रापार पाठवावा लागतो.

मनीऑर्डरीचे काम वेगळ्या टेबलावर. पगारातले पैसे गावी पाठवायचे असतात, आणि फॉर्मच्या खालच्या कुपनात पूर्वी दोन ओळींचा मजकूर बसे. पत्रात मावत नसे ते अनेकदा या दोन ओळींत येई : ‘बैल विकू नये’, ‘बापूचे नाव शाळेत घालावे’ अशा धर्तीचे. शिवाय टपालवाले झाले तरी ते फौजीच. पहारा, खंदक खणणे, तंबूची डागडुजी चुकत नाही. पलटणींना पुढे सरकायचा हुकूम आला की रोकड आणि तिकिटे मोजून हिशेब बंद, मांडणी खाली आणि सगळे सामान ट्रकवर. नव्या जागी तंबू उभा राहीपर्यंत आलेली थैली वाटेत थांबून राहते. मग ‘आमचं टपाल कुठं अडलं?’ असा प्रश्न मोर्चावरून येतो, आणि त्याचे उत्तर बहुधा छाटणीवाल्यालाच द्यावे लागते. टपाल वेळेवर आल्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिल्याचे मात्र फारसे ऐकिवात नाही.

पत्ता लपवणे आणि पत्र वाचणे

एफपीओच्या शिक्क्यात गाव नसते, फक्त क्रमांक आणि तारीख असते. आजही सैनिकाला पत्र लिहिताना नाव, नंबर, युनिट आणि पुढे ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढेच लिहितात. यांतले पहिले टपाल दिल्लीला जाते, दुसरे कोलकात्याला. युनिट लडाखमध्ये आहे की राजस्थानात, हे पुढे आतल्या यादीवरून ठरते. ती यादी गुप्त असते आणि सतत बदलते.

१९१४-१५ मधली एक हालचाल पाहिली की या यादीचे मोल कळते. २६ सप्टेंबर १९१४ पासून हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरू लागली. १९१५ च्या अखेरीस मेरठ आणि लाहोर या दोन पायदळ डिव्हिजन फ्रान्समधून काढून मेसोपोटेमियाकडे वळवल्या गेल्या, घोडदळ मागे राहिले. अशा वेळी एकाच गावातल्या दोन भावांपैकी एकाचे पत्र फ्रान्सला जायचे आणि दुसऱ्याचे बसऱ्याला. जखमी माणसाचा माग तर आणखी कठीण : पलटणीतून फील्ड ॲम्ब्युलन्स, तिथून इस्पितळाचे जहाज, आणि मग इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात उघडलेले हिंदी इस्पितळ. त्याच्या पत्राने या सगळ्या पायऱ्या त्याच्या मागोमाग चढायच्या.

शिवाय सेन्सॉर. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधली हिंदी फौज आठवड्याला १० ते २० हजार पत्रे लिहीत होती. ती आधी पलटणीत तपासली जात आणि पुन्हा बूलोन्य इथल्या सेन्सॉर कचेरीत चाळली जात. मजकूर वाचणे हे एफपीओचे काम नव्हे, पण सेन्सॉरने लावलेल्या वेळाचे शिव्याशाप त्याच्याच वाट्याला. पत्र लिहिणाराही भोळा नव्हता. ‘काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरतात’ अशा अर्थाचे लिहिले की घरी समजायचे : हिंदी सैनिक खूप कामी आले, आता गोऱ्यांना पुढे घालतात. काही काळाने ही मिरी सेन्सॉरलाही कळू लागली. लिहिता न येणाऱ्याचे पत्र पलटणीतला लिहिता येणारा लिहून देई आणि गावी ते मास्तर किंवा तलाठी वाचून दाखवी. त्या काळच्या घरगुती मराठी पत्रव्यवहारात मोडीही चाले. म्हणजे नवराबायकोच्या एका पत्राला किमान चार वाचक, आणि त्यांतला एक सरकारी.

दुसऱ्या महायुद्धात विमानातली जागा अपुरी पडू लागली. त्यावर १९४१ पासून एअरग्राफ हा उपाय निघाला. ठरलेल्या फॉर्मवर लिहिलेल्या पत्राचा फोटो काढायचा, फिल्मची गुंडाळी विमानाने पाठवायची आणि पलीकडे छोट्या कागदावर प्रत छापून ती वाटायची. शेकडो पत्रांची फिल्म काही औंसांत बसे. वाचणाऱ्याला मात्र कधीकधी भिंग लागायचे, आणि हाताचा कागद हाती येत नसे, ही उणीव कोणालाच भरून काढता आली नाही.

परत जाणारी पत्रे

एफपीओतले सर्वांत अवघड टेबल कुठले, हे विचारायची गरज नाही. ज्याच्या नावाने पत्र आले तो राहिला नसेल, तर ते पत्र कुठे पाठवायचे याचा नियम असतो. घरी तार किंवा अधिकृत खबर पोचण्याआधी परत गेलेले पत्र पोचू नये, म्हणून ते रोखून धरतात. पुढच्या थैलीत त्याच अक्षरातले आणखी एक पत्र येते, मग आणखी एक. ७ डिसेंबर १९१५ ला मेसोपोटेमियातले कुत अल अमारा हे गाव तुर्की फौजेने वेढले. पूना डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी आत अडकल्या आणि टपालाची नेहमीची वाट बंद झाली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्या पाच महिन्यांत इकडे पत्र टाकणाऱ्याला उत्तर का येत नाही, हे सांगणारे पोस्टात कोणी नव्हते.

कोरिया आणि नंतर

स्वतंत्र भारताची टपाल तुकडी परदेशी गेली त्यांत कोरियाचा प्रसंग मराठी माणसाला विशेष जवळचा. १९५३ मध्ये युद्धबंद्यांच्या देखरेखीसाठी भारतीय फौज गेली, तिचे सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात होते. दक्षिण कोरियाचे सरकार भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईना, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आले. त्यांच्या छावणीचे नाव हिंद नगर. तिथल्या टपालासाठी भारतीय तिकिटांवर देवनागरीत छापले गेले : ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कटक म्हणजे सैन्य, हे ज्ञानेश्वरी किंवा बखर चाळलेल्याला सांगावे लागत नाही. परदेशी तिकीटसंग्राहक मात्र तो शब्द पाहून ओडिशातल्या शहराशी घोळ घालू शकतो, आणि त्याचे फारसे चुकतही नाही. शहराचे नावही त्याच शब्दावरून आलेले आहे. पुढे इंडोचायनातल्या आंतरराष्ट्रीय देखरेख आयोगासाठी कंबोज, लाओस आणि विएतनाम या नावांनी, १९६२ मध्ये काँगोसाठी आणि १९६५ मध्ये गाझातल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेसाठी अशीच तिकिटे निघाली. १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेबरोबरही टपालवाले होते.

नागपूरची माणसे

आर्मी पोस्टल सर्व्हिसमधले बरेच लोक मूळचे फौजी नसतात. ते टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतात, मूळ खात्यातली जागा राखून. सॉर्टिंग असिस्टंट इथे वॉरंट ऑफिसर होतो. कालपर्यंत नागपूर स्टेशनाजवळ आरएमएसच्या (रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे रेल्वे टपालसेवा) रात्रपाळीत थैल्या फोडणारा माणूस कामठीच्या मैदानावर सकाळी परेडला उभा राहतो, बंदूक हाताळायला शिकतो आणि दुपारी पुन्हा थैलीच फोडतो. हात तेच, अंगावरचा कपडा वेगळा.

केंद्र कामठीलाच का, याला भूगोल बराचसा उत्तर देतो. टपालासाठी नागपूर फार पूर्वीपासून नाक्याचे शहर आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या शहराकडे परतत. शहर झोपलेले असताना देशाची पत्रे त्याच्या वेशीवर हात बदलत होती.

आता मोबाईलमुळे खुशालीचे पत्र जवळजवळ संपले आहे. पार्सल, बचत खाते, विमा ही कामे राहिली. निवडणुकीत सैनिकांच्या मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातात, पण भरलेल्या मतपत्रिका टपालानेच परत येतात, आणि त्या दिवसांत छाटणीच्या टेबलावर पुन्हा जुनी घाई दिसते.

जुन्या शिक्क्यांना मात्र नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. जिथले गाव लपवण्यासाठी क्रमांक दिला, तो क्रमांक अमुक तारखेला कुठे होता हे हुडकण्यात तिकीटसंग्राहक हयात घालवतात. पाकिटावरची तारीख, पलटणीच्या हालचालींच्या नोंदी आणि आतल्या पत्रात चुकून राहिलेला एखादा शब्द जुळवून ते तंबूची जागा ठरवतात. त्यामुळे कधीकाळी गुप्त असलेली यादी प्रदर्शनातल्या काचेखाली, व्यवस्थित टंकलिखित, कोणालाही वाचता येते.