ब्लीड, ३०० आणि ‘कर्व्ह’: छपाईच्या डिझाइनचे नियम आले कुठून

छपाईसाठी डिझाइन शिकणाऱ्याच्या हातात सुरुवातीलाच एक यादी पडते. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर नेलेला रंग), फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, यलो आणि ‘के’ म्हणजे काळा), मजकूर फक्त काळ्यात, पुस्तिकेची पाने चारच्या पटीत, फाइल कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून). यादी पाठ होते, पण वर्तमानपत्राच्या कागदावरचे काम किंवा डायरीचे कव्हर समोर आले की पाठांतर अपुरे पडते. यातला प्रत्येक नियम कागदाच्या, शाईच्या किंवा यंत्राच्या एखाद्या मर्यादेतून आलेला आहे. ती मर्यादा कळली की नियम कुठे घट्ट धरायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे आपले आपण ठरवता येते.

आजच्या ऑफसेटचे मूळ शिळाछापात आहे. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डर यांनी ही रीत शोधली. चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने लिहायचे आणि शिळा पाण्याने ओली करायची. मग छपाईची शाई फक्त तेलकट भागालाच धरते. देवनागरीला ही रीत चांगलीच मानवली. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत शेकडो वेगवेगळे खिळे पाडावे लागत. इथे हाताने लिहिले की काम होत असे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळेवरच. खिळ्यांतल्या देवनागरीला सुबक वळण मिळाले ते पुढे, जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत.

शिळेवर रंगीत छपाई सुरू झाली आणि ‘रजिस्ट्रेशन’ची कटकट जन्माला आली. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे. तोच कागद पुन्हा पुन्हा छापायचा आणि प्रत्येक वेळी आधीच्या रंगावर तंतोतंत बसवायचा. १९०४ मध्ये अमेरिकेत आयरा रुबेल यांनी कागदावरची ऑफसेट छपाई आणली. शाई आधी रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर जाऊ लागली. शिळेच्या जागी प्लेट आली, पाणी मात्र राहिले.

या पाण्यामुळे आणि हवेतल्या दमटपणामुळे कागद किंचित फुगतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही: तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे हमखास जाणवते. म्हणून बारीक मजकूर चार रंगांत बांधायचा नाही. ८ पॉइंटच्या मजकुराला चारही रंगांचा काळा दिला आणि एक प्लेट केसभर सरकली, की शिरोरेषेच्या वर गुलाबी किंवा निळी कड दिसू लागते आणि अनुस्वाराचे टिंब दुहेरी होते. गडद पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या मजकुराचे तर आणखी हाल होतात. शाई पसरून मात्रा बुजतात. मजकुराला सी, एम, वाय शून्य आणि के १०० द्या. पांढरी अक्षरे ठळक वळणाची आणि निदान ९-१० पॉइंटची ठेवा. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या के १०० मध्ये राखाडी दिसतो. तिथे सोबत सायन ४० टक्के द्यावा. चारही रंगांची बेरीज आर्ट पेपरवर (गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर) ३०० टक्क्यांच्या आणि वर्तमानपत्री कागदावर २४० च्या आत ठेवा. त्यापुढे शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

३०० चा आकडा हाफटोनमधून आला. छपाईयंत्राला फिकट शाई छापता येत नाही. शाई असते किंवा नसते. १८८० च्या दशकात फोटो लहानमोठ्या ठिपक्यांत फोडण्याची रीत रुळली आणि फिकट-गडद छटा साधल्या. आर्ट पेपरवर इंचाला साधारण १५० ओळी ठिपके असतात आणि प्रत्येक ओळीला दोन पिक्सेल हा जुना हिशेब, म्हणून ३००. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, त्यामुळे तिथे ८५ ते १०० ओळीच चालतात आणि २०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये ‘३००’ करून काहीच साधत नाही, कारण तपशील मुळातच नसतो. चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत फिरवतात (बहुधा सायन १५, मॅजेंटा ७५, यलो ०, काळा ४५ अंश), नाहीतर छपाईवर जाळी उमटते. आधी छापलेले चित्र स्कॅन करून पुन्हा छापले की नेमकी हीच जाळी दिसते.

ब्लीडचे कारण कटिंग मशीनमध्ये सापडते. शेकडो कागदांच्या थप्पीतून पाते खाली जाताना कागद थोडा ओढला जातो, त्यामुळे वरचा आणि खालचा कागद अगदी एकाच मापाचा निघत नाही. रंग कडेवर संपवला तर काही प्रतींना पांढरी रेघ दिसणारच. म्हणून रंग ३ मिमी बाहेर न्यायचा आणि मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवायचा. बाइंडिंगच्या पुठ्ठ्यावर छापील कागद चढवून आत दुमडायचा असेल तर ३ मिमी पुरत नाही, १५ ते २० लागतात. मापही कागदाच्या तावातून येते. २३ × ३६ इंची ताव चार-चार भागांत कापला की पावणेसहा × नऊ इंचाचा तुकडा मिळतो. कडा छाटून तोच मराठी पुस्तकांचा साडेपाच × साडेआठचा डेमी आकार होतो. ए-४ मात्र जर्मनीत १९२२ मध्ये ठरलेल्या मापांतला. या तावावर तो आठ वेळा बसत नाही, २५ × ३६ वर बसतो. डिझाइन करण्याआधी छापखान्याला तावाचे माप विचारले तर कागद वाया जात नाही.

राहिला कर्व्हचा नियम, आणि तो आपल्याकडे अगदी अलीकडचा. १९८५ मध्ये लेझर प्रिंटर आणि पेजमेकर हे सॉफ्टवेअर यांच्या जोडीने डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने लावणे, सुरू झाले. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत) रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. छापखान्याच्या संगणकावर तोच फॉन्ट, तीच आवृत्ती नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसे. कधी फक्त एखादा रफार किंवा जोडाक्षर बदलून जाई, आणि हे अधिक धोक्याचे, कारण ते प्लेट होईपर्यंत लक्षात येत नसे. अक्षरांच्या आकृत्या करून फाइल देण्याची सवय त्यातून लागली. युनिकोडमध्येही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडते किंवा जोडाक्षर फुटते, म्हणून सवय टिकली आहे. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. मूळ फाइल वेगळी जपा, मुद्रितशोधन कर्व्हच्या आधी उरका आणि फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ बनवून तीच कागदावर काढून पुन्हा वाचा. र्‍य, ऱ्ह, द्ध, ह्म ही अक्षरे आधी तपासा.