रेल्वे स्लीपरवरील भारनिश्चिती

चाकाचा भार रुळातून एका स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या तुळईवर) किती येतो, हे ठरवण्याची रीत. स्लीपरचे माप, दोन स्लीपरांतले अंतर आणि खडीच्या थराची जाडी याच आकड्यावर ठरतात. गोव्यात सगळ्या मार्गाला एकच आकडा लावता येत नाही. कोकण रेल्वे खाजणांतल्या (खाडीकाठच्या सखल जमिनींतल्या) मऊ मातीच्या भरावांवरून खडकातल्या बोगद्यांत शिरते, तर मुरगाव बंदरातला कोळसा कर्नाटकाकडे नेणारा मार्ग कुळे ते कॅसलरॉक 1:37 चढाचा घाट चढतो.

सुरुवात आसभारापासून, म्हणजे दोन चाकांच्या एका आसावर येणाऱ्या वजनापासून होते. 25 टन आसभार धरला तर एका चाकाखाली 12.5 टन, म्हणजे सुमारे 123 किलोन्यूटन. हा सगळा भार चाकाखालच्या स्लीपरवर येत नाही. रूळ वाकतो आणि शेजारच्या स्लीपरांनाही वाटा देतो. त्यासाठी रूळ हा लवचीक पायावर टेकलेली लांब तुळई मानतात. मीटरला 60 किलो वजनाचा रूळ, स्लीपरांत 60 सेंमी अंतर (किलोमीटरला सुमारे 1660 स्लीपर) आणि एका रुळाखालच्या पायाचा ताठपणा (दबण्याला होणारा विरोध) 30 न्यूटन प्रति चौरस मिमी घेतल्यास खालच्या स्लीपरवर चाकाच्या भाराचा 31 टक्के वाटा येतो, लगतच्या दोघांवर प्रत्येकी 23 आणि त्यापुढच्यांवर 11. मालडब्याच्या बोगीतला (डब्याखालच्या दोन आसांच्या चौकटीतला) दुसरा आस 2 मीटरवर असतो, त्याची भर जेमतेम दीड टक्का.

ताठपणा 100 केला की हाच वाटा 42 टक्क्यांवर जातो. खडकाच्या तळावर खडीचा थर पातळ राहिला की असेच होते. कठीण जमीन म्हणजे सुरक्षित मार्ग हा समज म्हणूनच अपुरा आहे: स्लीपरच्या दृष्टीने तिथे भार एकवटतो. बोगद्याच्या तोंडाशी, जिथे भराव संपून खडक लागतो, तिथे ताठपणा अचानक बदलतो आणि पातळी आधी तिथेच बिघडते.

प्रत्यक्ष आराखड्यात 31 टक्के धरत नाहीत. शेजारचा स्लीपर खडीवरून सुटून लटकलेला असू शकतो, म्हणून 50 टक्क्यांच्या आसपास वाटा घेतात. चपटी झालेली चाके, सांध्यांतले धक्के आणि वेग यांसाठी भार आणखी वाढवतात. ऑस्ट्रेलियन मानकात हा गुणक किमान 2.5 आहे, अमेरिकी शिफारशीत काँक्रीट स्लीपरसाठी 3. तेव्हा 123 × 2.5 × 0.5 = सुमारे 154 किलोन्यूटन हा रूळ-बैठकीवरचा, म्हणजे स्लीपरवर रूळ टेकतो त्या जागेवरचा भार.

पुढचा टप्पा खडीवरच्या दाबाचा. ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर 2.75 मीटर लांब, दोन रुळांच्या मध्यांतले अंतर सुमारे 1.75 मीटर. प्रत्येक रुळाखाली 1 मीटर लांबी टेकते असे मानतात. बूड 25 सेंमी रुंद धरल्यास दाब सुमारे 615 किलोपास्कल येतो. ऑस्ट्रेलियन मर्यादा 750 आहे.

वाकण्याचा हिशेब मात्र बारकाईने करावा लागतो. खडी रुळाखाली नीट ठोकलेली असेल तर तिथे आघूर्ण (वाकवणारा जोर) सुमारे 19 किलोन्यूटन-मीटर. तीच खडी मधल्या भागातही घट्ट बसली आणि स्लीपर सगळ्या लांबीवर टेकला, तर मध्यभागी उलट दिशेने सुमारे 29 येते. स्लीपर मधोमध वरून तडकतो तो यामुळे. रुळाखालची खडी झिजून खाली बसते आणि मधली तशीच राहते, तेव्हा ही स्थिती आपोआप तयार होते. म्हणून पॅकिंग करताना (स्लीपरखाली खडी ठोकून बसवताना) मधला भाग ठोकायचा नसतो.

जून ते सप्टेंबरच्या पावसात जांभ्याची बारीक माती खडीत शिरली की पाणी निचरत नाही, गाडीखाली चिखल वर पंप होतो आणि स्लीपर पोकळ पडतात. मग शेजाऱ्यांचा वाटा वाढतो. अशा पट्ट्यात ताठपणाचा पावसाळी आकडा वेगळा मोजून घ्यावा, उन्हाळ्यातला चालत नाही.

घाटातल्या वळणांवर कँट (बाहेरच्या रुळाला आतल्यापेक्षा दिलेली उंची) जलद गाडीसाठी दिलेला असेल आणि मालगाडी सावकाश चढत असेल, तर भार आतल्या रुळाकडे झुकतो. भरलेल्या डब्याचा गुरुत्वमध्य 1.8 मीटर उंच धरला आणि सावकाश वेगाला लागतो त्याहून जादा कँट 75 मिमी असला, तर आतल्या रुळावर सुमारे 9 टक्के वाढ होते. ही वाढ गुणकात मुरलेली आहे असे समजून सोडू नये, ती चाकाच्या भारातच आधी मिळवावी.