फार्मासिस्ट फक्त गोळ्या काढून देतो? शुगरवाल्यांचा एक जुना गैरसमज

"शुगरचं सगळं डॉक्टर बघतात, फार्मासिस्टने फक्त चिठ्ठी बघून गोळ्या द्यायच्या" हे वर्षानुवर्षं चालत आलंय, पण ते अर्धवट आहे. डोस ठरवणं, बदलणं डॉक्टरांचंच काम, त्यात वादच नाही. पण खरी गडबड होते ती घरी गोळी घेताना, आणि नेमकं तेच समजावून सांगणं फार्मासिस्टचं काम आहे.

आता शुगरच्या मेटफॉर्मिन या गोळीचंच उदाहरण बघा, जेवणासोबत घेतली तर पोट कमी बिघडतं, हळूहळू विरघळणारी असेल तर चावायची किंवा कुटायची नाही, आणि तिचं रिकामं कवच कधीकधी शौचातून पडतं तेव्हा लोक घाबरतात की गोळी लागूच पडली नाही, अहो औषध शरीरात गेलेलं असतं! ग्लिमेपिराइड (शुगर कमी करणारी दुसरी गोळी) घेऊन जेवण टाळलं तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. ७० mg/dL च्या खाली गेली, घाम-थरथर सुटली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी परत चेक करायचं (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल).

इन्सुलिनवाल्यांचं तर विचारूच नका, रोज त्याच जागी टोचतात, तिथे गाठ होते, इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि दोष मात्र डोसला. दुसऱ्या कशासाठी स्टिरॉइड लिहून दिलं असेल तर काउंटरवर तेही सांगा, त्याने शुगर चांगलीच वाढते.