पहिलं मराठी नाटक १८४३ चं नव्हे

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला येणारी बहुतेक मुलं एक वाक्य शाळेपासून पाठ करून आलेली असतात: विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं ‘सीतास्वयंवर’ (१८४३) हे पहिलं मराठी नाटक. हे अर्धंच खरं आहे.

त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी तंजावरच्या भोसले दरबारात मराठी नाटकं लिहिली जात होती. शहाजीराजे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते, ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ त्यांचंच. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी नाटकांची हस्तलिखितं आजही जपलेली आहेत. आपल्या अभ्यासात ती इतकी मागे पडावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाव्यांच्या खेळात तर आज आपण म्हणतो तशी बांधीव संहिताही नव्हती. सूत्रधार पद गाऊन कथा पुढे न्यायचा. पद संपलं की पात्रं त्याच्या आधाराने आपलं भाषण ऐनवेळी रचून बोलायची.

भाव्यांचं मोठेपण वेगळंच आहे. त्यांनी नाटकमंडळी उभी केली, गावोगाव नेली, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘पहिलं मराठी नाटक’ लिहू नका; ‘महाराष्ट्रातल्या आधुनिक रंगभूमीची सुरुवात’ असं लिहा.